पाण्याच्या सूत्रातला दोनाचा आकडा

३ सप्टेंबर १८६० रोजी बाडेन संस्थानाच्या राजधानीत, कार्ल्सरूह शहरात, युरोपभरचे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ जमले. सभा भरली ती संस्थानाच्या विधिमंडळाच्या सभागृहात. बुन्सेन होता, पॅरिसहून ड्युमा आणि वुर्ट्झ आले होते, हायडेलबर्गमध्ये शिकणारी तरुण रशियन मंडळी आली होती. रसायनशास्त्राची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. तीन दिवस तिथे चर्चा झाली ती कुठल्या नव्या शोधावर नाही, अगदी मुळाक्षरांवर. अणू कशाला म्हणायचे, रेणू कशाला म्हणायचे आणि पाण्यासारख्या रोजच्या पदार्थाचे सूत्र नेमके कसे लिहायचे, यावर या जाणत्या लोकांचे एकमत नव्हते.

आज नववी-दहावीतला विद्यार्थी पाण्याला बेधडक एचटूओ म्हणतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाचे समीकरण संतुलित करायला सांगितले, तर हायड्रोजनच्या आधी दोन आणि पाण्याच्या आधी दोन मांडून मोकळा होतो. त्याला एक नियम पाठ करून दिलेला असतो. सूत्राच्या आधीचा आकडा, म्हणजे सहगुणक, हवा तसा बदलावा. पण सूत्रात खाली लिहिलेल्या आकड्याला, पादांकाला, हात लावायचा नाही. हा नियम का, हे सहसा कुणी सांगत नाही. त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास पॅरिसमधल्या एका तराजूपासून सुरू होतो.

आंत्वान लाव्हाझिए हा शास्त्रज्ञ होता तसाच सरकारी महसुलाचा मक्तेदारही होता. फ्रान्सच्या राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत १७६८ साली त्याने भागीदारी घेतली आणि त्याच वर्षी विज्ञान अकादमीत त्याची निवड झाली. सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा आणि मधला दिवस कचेरी, असा त्याचा क्रम. हिशेबातली एक सवय त्याने रसायनशास्त्रात आणली. जमेच्या बाजूला जेवढे आले तेवढे खर्चाच्या बाजूला दिसलेच पाहिजे. दिसत नसेल, तर काहीतरी नजरेतून सुटले आहे. त्याच्या आधीच्या रसायनकारांनीही वजने केली होती, पण वायू निसटून जात आणि त्यांचा हिशेब सहसा कुणी धरत नसे. लाव्हाझिएने कुशल कारागिरांकडून अतिशय नाजूक तराजू बनवून घेतले, बंद भांडी वापरली आणि वायूलाही वजन लावले.

पाण्याची कथा इथेच सुरू होते. लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने ज्वालाग्राही वायू, म्हणजे आजचा हायड्रोजन, हवेत जाळला, तेव्हा भांड्याच्या भिंतींवर पाणी जमले. १७८३ च्या जूनमध्ये ही बातमी चार्ल्स ब्लॅग्डनने पॅरिसला आणली. लाव्हाझिएने लाप्लासला सोबत घेऊन लगेच प्रयोग केला आणि पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंचे संयुग आहे असे जाहीर केले. हजारो वर्षे पंचमहाभूतांत आणि ग्रीकांच्या चार तत्त्वांत बसलेल्या पाण्याचे मूळपण असे गेले.

पण दोन वायू जाळून पाणी मिळाले, एवढ्याने त्याचे समाधान होईना. पाणी फोडून तेच दोन घटक परत मिळायला हवेत. मेनिए या लष्करी अभियंत्याच्या मदतीने त्याने बंदुकीची लोखंडी नळी भट्टीत लालबुंद तापवली आणि तिच्यातून पाण्याची वाफ जाऊ दिली. वाफेतला ऑक्सिजन लोखंडाने धरला, दुसऱ्या टोकाने ज्वालाग्राही वायू बाहेर पडला. तो गोळा केला, मोजला. जेवढे पाणी नाहीसे झाले, तेवढेच वजन नळीच्या वाढलेल्या भारात आणि गोळा केलेल्या वायूत मिळून सापडले पाहिजे, असा हा हिशेब होता. १७८५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अकादमीच्या सदस्यांसमक्ष त्याने फोडणे आणि जोडणे हे दोन्ही प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. त्या काळी हायड्रोजनचे फुगे आकाशात चढू लागले होते, त्यामुळे स्वस्तात हा वायू मिळवण्याची निकडही होती. लाव्हाझिएच्या मापात पाण्याच्या १०० भागांत ऑक्सिजन ८५ आणि हायड्रोजन १५ निघाला. आजचे आकडे साधारण ८९ आणि ११ आहेत. मापात चूक होती, पण विचार पक्का होता.

१७८९ मध्ये, क्रांतीच्या वर्षी, त्याचा रसायनशास्त्राचा पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात द्राक्षरस आंबण्याच्या क्रियेबद्दलच्या प्रकरणात त्याने तत्त्व मांडले की निसर्गाच्या किंवा माणसाच्या कोणत्याही क्रियेत नवे द्रव्य निर्माण होत नाही, आधी जेवढे होते तेवढेच नंतर असते. तिथेच त्याने एका बाजूला द्राक्षरस आणि दुसऱ्या बाजूला कार्बॉनिक आम्ल व अल्कोहोल ठेवून मध्ये बरोबरचे चिन्ह घातले. तराजूच्या दोन पारड्यांमधली समता कागदावर बरोबरच्या चिन्हाने उतरली. या समीकरणात अणू नव्हते, सूत्रे नव्हती. होती ती फक्त वजने. पाच वर्षांनी, ८ मे १७९४ रोजी, इतर कर-मक्तेदारांबरोबर त्याला गिलोटिनखाली जावे लागले. त्याचा सासराही त्याच दिवशी गेला.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वजनांचा अभ्यास पुढे सरकला. जर्मनीत रिख्टरने आम्ल आणि अल्क नेमक्या किती प्रमाणात एकमेकांना उदासीन करतात याची कोष्टके केली. स्पेनमध्ये काम करणाऱ्या फ्रेंच प्रूस्टने दाखवले की संयुग खाणीतून आणा की प्रयोगशाळेत बनवा, त्यातल्या घटकांचे प्रमाण ठरलेले असते. प्रमाण ठरलेले का असते, याचे उत्तर मँचेस्टरमध्ये शिकवण्या करून पोट भरणाऱ्या एका क्वेकर शिक्षकाने दिले.

जॉन डाल्टनच्या १८०८ च्या ग्रंथात प्रत्येक मूलद्रव्याचे स्वतःच्या वजनाचे अणू आले. त्यांच्यासाठी त्याने वर्तुळे काढली. ऑक्सिजनचे वर्तुळ रिकामे, हायड्रोजनच्या वर्तुळात मधोमध ठिपका, कार्बनचे वर्तुळ काळे भरलेले. पण एका संयुगात कुठल्या मूलद्रव्याचे किती अणू आहेत हे कळणार कसे? तराजू फक्त एकूण वजनाचे प्रमाण सांगतो. पाण्यात हायड्रोजनच्या एका भागाला ऑक्सिजनचे आठ भाग असतील, तर दोघांचा एकेक अणू आणि ऑक्सिजनचा अणुभार ८, असेही असू शकते. हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा अणुभार १६, असेही असू शकते. डाल्टनने एक सोपा नियम ठरवला. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर ते एकास एक मानावे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे तेव्हा पाणी हे एकच संयुग ठाऊक होते. हायड्रोजन पेरॉक्साइड तेनारला १८१८ मध्ये मिळायचे होते. म्हणून डाल्टनचे पाणी झाले एचओ.

इथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट आहे. हायड्रोजनचा एक अणू अधिक ऑक्सिजनचा एक अणू बरोबर पाण्याचा एक कण, हे समीकरण संपूर्ण संतुलित आहे. डावीकडे एक आणि आठ मिळून नऊ, उजवीकडे नऊ. आजच्या समीकरणात चार आणि बत्तीस मिळून छत्तीस, उजवीकडे छत्तीस. प्रमाण तेच. लाव्हाझिएचा तराजू दोन्ही समीकरणांना सारखाच मान डोलावतो. समीकरणाचा मेळ बसला म्हणजे ते खरे ठरले, असे होत नाही. मेळ न बसणे हा खोटेपणाचा पुरावा असतो, पण मेळ बसणे हा खरेपणाचा पुरावा नसतो. रसायनशास्त्राला हा धडा शिकायला पुढची पन्नास वर्षे लागली.

तराजूला जे दिसत नव्हते, ते मोजपात्रात दिसले. जोझेफ लुई गे-ल्युसॅकने हुम्बोल्टबरोबर १८०५ मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण ठिणगीने पेटवून पाहिले होते. ऑक्सिजनच्या १०० मापांना हायड्रोजनची जवळजवळ नेमकी २०० मापे लागली. १८०८ अखेर त्याने इतर वायूंचेही प्रयोग एकत्र करून सांगितले की वायू साध्या पूर्णांकी आकारमानांतच संयोग पावतात. आणि पाण्याचे मोठे कोडे असे की दोन मापे हायड्रोजन व एक माप ऑक्सिजन मिळून वाफेची दोन मापे होतात.

सारख्या आकारमानात सारखेच कण असतात असे मानले, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण तयार होतात. म्हणजे ऑक्सिजनचा कण दुभंगतो. पण अणू दुभंगत नाही, हा तर डाल्टनचा पाया. शिवाय वाफ ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. ऑक्सिजनच्या कणात हायड्रोजन मिसळून तयार झालेला कण मूळ कणापेक्षा हलका कसा? डाल्टनने गे-ल्युसॅकची मापेच ढोबळ ठरवून टाकली.

१८११ मध्ये पीडमाँटमधल्या व्हेर्चेल्ली गावात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अमेदेओ आव्होगाद्रोने या पेचातून वाट काढली. दुभंगतो तो अणू नाही, रेणू. ऑक्सिजन वायूचा प्रत्येक कण दोन अणूंचा जोडलेला आहे, हायड्रोजनचाही तसाच. ऑक्सिजनचा एक रेणू फुटून दोन अणू मोकळे होतात आणि प्रत्येकाला हायड्रोजनचे दोन-दोन अणू मिळून पाण्याचे दोन रेणू बनतात. विद्यार्थी समीकरणात हायड्रोजनच्या आणि पाण्याच्या आधी जो दोनाचा आकडा घालतो, तो आकारमानांच्या या मापातून आलेला आहे. सहगुणक मोजपात्रात डोळ्यांना दिसतो.

तरीही आव्होगाद्रोचे म्हणणे जवळजवळ पन्नास वर्षे बाजूला पडून राहिले. त्याला विरोध करणारी बाजू दुबळी नव्हती. स्टॉकहोमचा यॉन्स याकोब बर्झेलियस हा त्या काळचा सर्वांत अधिकारी रसायनशास्त्रज्ञ. मूलद्रव्यांना लॅटिन नावांवरून अक्षरचिन्हे देण्याची आणि अणूंची संख्या आकड्याने लिहिण्याची पद्धत १८१३-१४ मध्ये त्यानेच रूढ केली. त्याचे आकडे अक्षराच्या डोक्यावर बसत, पुढे जर्मनीत ते पायाशी उतरले. डाल्टनला ही अक्षरे अजिबात रुचली नाहीत, पण छापखान्याला वर्तुळांपेक्षा अक्षरे सोयीची होती. बर्झेलियसने पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू मानलेही. मात्र त्याच्या मते अणू जोडले जातात ते विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीने. मग ऑक्सिजनचे दोन एकसारखे अणू एकमेकांना कशासाठी धरून राहतील? या प्रश्नाला तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हते, आणि आव्होगाद्रोच्या बाजूने प्रयोगांचा पुरेसा भरही नव्हता.

परिणामी प्रत्येक प्रयोगशाळेचे समीकरण वेगळे झाले. कुणी ऑक्सिजनचा अणुभार ८ धरी, कुणी १६. कार्बन कुणाकडे ६, कुणाकडे १२. जर्मन पाठ्यपुस्तकांत पाणी बराच काळ एचओच राहिले. फ्रान्समध्ये जेरार आणि लोराँ यांनी १८४० च्या दशकात नवे अणुभार मांडले, पण प्रस्थापितांशी भांडण्यात आणि हलाखीत दोघेही अकाली गेले. लोराँ १८५३ मध्ये, जेरार १८५६ मध्ये. व्हिनेगरमधल्या साध्या ॲसेटिक आम्लाची तेव्हा वापरात असलेली १९ निरनिराळी सूत्रे केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात एका पानावर मांडून दाखवली. त्यातल्या प्रत्येकाने समीकरण संतुलित करता येत होते. पण एकाचा शोधनिबंध दुसऱ्याने वाचताना आधी त्याचे अणुभार कोणते हे विचारावे लागे.

या गोंधळाला कंटाळून घेन्टचा आउगुस्ट केकुले, कार्ल्सरूहचा कार्ल व्हेल्ट्सिन आणि पॅरिसचा आडोल्फ वुर्ट्झ या तिघांनी परिषद बोलावली. पहिले दोन दिवस वाद झाले, तिसऱ्या दिवशी ड्युमा अध्यक्षस्थानी होता. त्या दिवशी जेनोआचा ३४ वर्षांचा प्राध्यापक स्तानिस्लाओ कान्निझारो बोलायला उभा राहिला. हा मूळचा पालेर्मोचा. १८४८ च्या सिसिलीतल्या उठावात भाग घेतल्यामुळे त्याला फ्रान्समध्ये परागंदा व्हावे लागले होते. त्याने नवा प्रयोग आणला नव्हता. त्याने एवढेच सांगितले की आव्होगाद्रोचे म्हणणे सरळ मान्य करा आणि मग वायूंची घनता मोजत जा. अणुभार आपोआप ठरतील.

त्याची रीत पाहू. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून त्याचे वजन २ धरायचे. वाफ हायड्रोजनच्या नऊपट जड, म्हणून तिच्या रेणूचे वजन १८. कार्बन मोनॉक्साइड चौदापट, म्हणून २८. कार्बन डायऑक्साइड बावीसपट, म्हणून ४४. ऑक्सिजन वायू सोळापट, म्हणून ३२. आता पृथक्करणाने प्रत्येकातला ऑक्सिजन काढा. वाफेत १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये १६, कार्बन डायऑक्साइडमध्ये ३२, खुद्द ऑक्सिजन वायूत ३२. सोळापेक्षा कमी कुठेच नाही आणि जे काही आहे ते सोळाच्याच पटीत. तर मग १६ हाच ऑक्सिजनचा अणू. हायड्रोजनचेही तसेच. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रेणूत १ भाग, पाण्यात २, अमोनियात ३, मिथेनमध्ये ४. पाण्याच्या सूत्रातला दोनाचा आकडा इथे कायमचा बसला. सोपेपणाच्या तर्काने डाल्टनने तो नाकारला होता; अनेक संयुगे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर तो नाकारण्याची सोयच उरली नाही.

परिषदेने कुणावर काही लादले नाही. शास्त्रातले प्रश्न मतदानाने सुटत नाहीत, हे बहुतेकांना मान्य होते. निरोपाच्या वेळी कान्निझारोचा मित्र आन्जेलो पावेझी याने त्याची एक छोटी पुस्तिका वाटली. १८५८ मध्ये छापलेली ही पुस्तिका म्हणजे त्याच्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या अभ्यासक्रमाची रूपरेषा. ब्रेस्लाऊच्या लोथार मायरने ती खिशात घातली आणि परतीच्या वाटेवर वाचली. आपल्या डोळ्यांवरचे झापड गळून पडले आणि शंकांच्या जागी शांत खात्री आली, असे त्याने पुढे लिहिले. हायडेलबर्गहून आलेला दिमित्री मेंडेलीव्हही सभेत होता. त्याने परिषदेचा वृत्तांत पत्राने रशियाला कळवला. नऊ वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याने मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली. ऑक्सिजन कुठे ८ आणि कुठे १६, कार्बन कुठे ६ आणि कुठे १२ असता, तर मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावताच आली नसती. पाण्याच्या सूत्राचा निकाल लागल्यावरच आवर्तसारणीची वाट मोकळी झाली.

सूत्रे पक्की झाल्यावर समीकरण संतुलित करणे हे खरोखर गणिताचे काम झाले. १८७८ मध्ये जेम्स बॉटमलीने 'केमिकल न्यूज' या नियतकालिकात त्यासाठी बीजगणिताची रीत मांडली. प्रत्येक पदार्थाच्या आधी एक अज्ञात अक्षर धरायचे, प्रत्येक मूलद्रव्यासाठी एक समीकरण लिहायचे आणि सगळी एकदम सोडवायची. १८८४ मध्ये व्हान्ट हॉफने दोन्ही दिशांना जाणाऱ्या अभिक्रियांसाठी बरोबरच्या चिन्हाऐवजी उलटसुलट बाण वापरले आणि पुढे बाणच रूढ झाला. लाव्हाझिएचे चिन्ह वजनाची समता सांगत होते. बाण बदलाची दिशाही सांगतो.

गणिताच्या या सोयीनंतरही अखेरचा शब्द प्रयोगाचाच राहिला. तांब्यावर विरल नायट्रिक आम्ल घातले तर मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड निघते आणि समीकरण तांब्याचे तीन अणू व आम्लाचे आठ रेणू घेऊन संतुलित होते. तेच तांबे संहत आम्लात टाकले तर नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबूस धूर निघतो आणि एका अणूला आम्लाचे चार रेणू लागतात. दोन्ही समीकरणे अचूक संतुलित. कुठले कधी लागू, हे बीजगणित सांगू शकत नाही. ते आम्लाची तीव्रता ठरवते आणि परीक्षानळीतल्या वायूचा रंग दाखवतो.

म्हणून पादांकाला हात लावू नये या नियमामागचे कारण मुलांना सांगितलेच पाहिजे. पादांक म्हणजे पदार्थाची ओळख. ती लाव्हाझिएच्या तराजूने, गे-ल्युसॅकच्या मोजपात्राने आणि कान्निझारोच्या तुलनेने सिद्ध केली आहे. हिशेब जुळत नाही म्हणून पाण्यात ऑक्सिजनचा आणखी एक अणू घुसवला, तर हिशेब जुळेल, पण पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड होईल. सहगुणक मात्र आपण किती रेणू घेतले एवढेच सांगतो, म्हणून तो आपल्या हातात असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या विद्युत अपघटनाचे उपकरण असते. एका नळीत जेवढा वायू जमतो त्याच्या दुप्पट दुसरीत जमतो. समीकरणे घोकून घेण्याआधी मुलांना त्या दोन नळ्यांसमोर बसवावे, दोन्ही वायूंची मापे त्यांच्याकडूनच घ्यावीत आणि मग विचारावे, डाल्टनचे एचओ खरे असेल असे तुम्हाला वाटते का, आणि ते खोटे ठरवायला आणखी काय मोजावे लागेल? या प्रश्नाशी झगडलेला विद्यार्थी सहगुणक कधी विसरणार नाही, आणि आकडे जुळले म्हणून कुठलेही विधान डोळे मिटून स्वीकारणारही नाही.